अमेरिकेत विमा नसलेल्या मित्राला ओपिऑइडच्या व्यसनावरचे उपचार कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये परवडतील का?

तुमचा मित्र टेक्सासमधल्या डॅलसजवळ राहतो, ऑक्सिकोडोनच्या (अफूच्या जातीच्या, म्हणजे ओपिऑइड, वेदनाशामक) गोळ्या सुटत नाहीत, नोकरी गेली आणि तिच्याबरोबर विमाही गेला, असं तुम्ही लिहिलंय. उपचार परवडतील. पण बहुतेक लोक फक्त डॉक्टरच्या फीची चौकशी करून जातात आणि मग औषधाच्या दुकानात नाहीतर लॅबच्या बिलात अडकतात. तिन्ही खर्च पहिल्या भेटीआधी फोनवर विचारून घ्या.

फीचं सोपं आहे. केंद्र सरकारचं कलम ३३० चं अनुदान घेणारं सेंटर, पैसे नाहीत म्हणून रुग्णाला परत पाठवू शकत नाही. तिथे ‘स्लाइडिंग फी’ असते आणि ती फक्त उत्पन्न आणि कुटुंबातली माणसं पाहून ठरते. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या आत असेल तर फी माफ किंवा नाममात्र, रेषेच्या दुपटीपर्यंत टप्प्याटप्प्याने सवलत, त्यापुढे या योजनेत काही नाही. २०२५ मध्ये ही रेषा एकट्या माणसासाठी वर्षाला १५,६५० डॉलर होती, चौघांसाठी ३२,१५०. दर जानेवारीत आकडा बदलतो.

नुकती नोकरी गेलेल्यांची गफलत इथे होते. काउंटरवर गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न दिला की त्यावर जुना पगार दिसतो आणि सवलत हातची जाते. नोकरी संपल्याचं पत्र आणि बेकारी भत्ता मिळत असेल तर त्याचा कागद न्यावा, आणि ‘सध्याच्या उत्पन्नावर हिशेब करा’ असं स्पष्ट सांगावं. कागद नसतील तर स्वतःच्या सहीचं निवेदन चालतं का ते विचारावं. बऱ्याच ठिकाणी चालतं. रूममेटचा पगार फॉर्मवर लिहायची गरज सहसा नसते.

आता औषध. या व्यसनावर क्लिनिकमधून मिळणारं मुख्य औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, बहुतेकदा नॅलोक्सोनबरोबर, जिभेखाली विरघळवायचं. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ते लिहून देण्यासाठी डॉक्टरला लागणारी वेगळी परवानगी रद्द झाली, त्यामुळे ‘आमच्याकडे तो खास डॉक्टर नाही’ हे उत्तर आता पटण्यासारखं नाही. खर्चाचा फरक प्रिस्क्रिप्शनच्या एका शब्दात असतो: जेनेरिक गोळी सहसा फिल्मपेक्षा (जिभेखाली ठेवायच्या पातळ पट्टीपेक्षा) स्वस्त पडते. डॉक्टरला ‘८/२ मिलिग्रॅमची जेनेरिक टॅब्लेट’ लिहायला सांगा. रोज १६ मिलिग्रॅम म्हणजे दोन गोळ्या, २८ दिवसांच्या ५६. याच औषधाचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सोयीचं आहे, पण त्याची छापील किंमत हजार डॉलरच्या वर जाते. विमा नसताना कंपनीची मदत मंजूर झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

ही सेंटर्स ‘३४०बी’ योजनेत औषधं सवलतीत विकत घेऊ शकतात. ती सवलत रुग्णापर्यंत पोचतेच असं नाही, म्हणून कोणत्या दुकानात ती बिलातून वजा होते ते विचारायचं. घराजवळ आहे म्हणून भलत्याच दुकानात प्रिस्क्रिप्शन पाठवलं की सवलत गेली. शिवाय काही दुकानं हे औषध ठेवतच नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी हे कळलं तर सोमवारपर्यंत पेशंट पुन्हा जुन्या गोळ्यांवर असतो. आधी फोन करून साठा आहे ना, हे पाहा.

भारतातून कुरिअरने गोळ्या मागवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन्ही देशांत हे नियंत्रित औषध आहे आणि पार्सल पकडलं गेलं तर प्रकरण गुन्ह्यावर जातं.

उपचारात लघवीची तपासणीही होते, तिच्या खर्चाकडे कुणाचं लक्ष जात नाही. क्लिनिकमधली कपातली तपासणी स्वस्त असते, पण नमुना बाहेरच्या लॅबकडे सविस्तर चाचणीला गेला की स्वतंत्र बिल घरी येतं. ‘कपातलीच करा, बाहेर पाठवणार असाल तर स्लाइडिंग फी तिथेही लागू आहे का?’ असं विचारा. विमा नसलेल्याला अपेक्षित खर्चाचा लेखी अंदाज मागायचा हक्क २०२२ पासून आहे. अंदाज देणाऱ्याचंच बिल त्याहून किमान ४०० डॉलर जास्त आलं तर त्यावर तक्रार करता येते.

सुरुवातीला दर आठवड्याला बोलावतात आणि नाममात्र फीसुद्धा चार वेळा भरावी लागते. मधल्या भेटी फोनवर होतील का ते पाहा. फी झेपत नसेल तर भेट चुकवू नये, ‘भरू शकत नाही’ असं लेखी द्यावं. सेंटरकडे फी माफ किंवा कमी करण्याचं धोरण असावंच लागतं. ऐपत नसणं आणि भरायला नकार देणं यांत नियम फरक करतात. गप्प राहणारा नकार देणाऱ्यांत गणला जाऊ शकतो.

ब्युप्रेनॉर्फिनचा पहिला डोस घाईने घेऊ नये. ऑक्सिकोडोनच्या साध्या गोळीनंतर १२ ते २४ तास थांबून अंगदुखी, जांभया, घाम असा त्रास नीट सुरू झाल्यावरच तो देतात. आधी घेतला तर तोच त्रास अचानक आणि जोरात उसळतो. रस्त्यावरच्या गोळ्यांत फेंटानिल (फार तीव्र ओपिऑइड) असण्याची शक्यता मोठी, तेव्हा गोळ्या कुठून येत होत्या ते डॉक्टरला खरं सांगावं. थांबण्याचा वेळ वाढू शकतो.

टेक्सासने मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याचा) विस्तार केलेला नाही. मूलबाळ किंवा अपंगत्व नसलेल्या प्रौढाला तिथे ते मिळत नाही, त्या अर्जापायी उपचार लांबवू नका. त्यापेक्षा विमा सुटल्यापासून ६० दिवसांच्या आत मार्केटप्लेसवर (वैयक्तिक विमा घ्यायच्या सरकारी बाजारात) नवा घेता येतो, ती तारीख पाहा. या व्यसनावरचं दुसरं औषध, मेथाडोन, हवं असेल तर ते या क्लिनिकमध्ये नव्हे, परवानाधारक वेगळ्या केंद्रातच मिळतं. घरात नॅलोक्सोनचा (ओपिऑइडचा अतिडोस उतरवणारा) नाकात मारायचा स्प्रे ठेवा. २०२३ पासून तो प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो, आणि बऱ्याच ठिकाणी आरोग्य खातं किंवा स्वयंसेवी गट फुकट देतात. जवळचं केंद्र शोधायला सॅमसा या व्यसन व मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेची मोफत हेल्पलाइन १-८००-६६२-४३५७, चोवीस तास.