हिरड्यांतून रक्त येतं म्हणून डॉक्टरांनी लेझर सुचवलं. त्याने तोंडातले जंतू खरंच मरतात का?

मरतात. पण 'दात साफ करायची गरज नाही, लेझर पुरे' असं कुणी सांगत असेल तर पैसे भरू नका.

काही लेझर उष्णतेनेच जंतू मारतात. मला जास्त पटते ती दुसरी पद्धत, जवळजवळ थंड. दात आणि हिरडीमधली फट निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर असते. आजारात ती खोल होते आणि ब्रश तळाशी पोचत नाही. तिथे बोथट सुईने मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग सोडतात, जादा रंग धुतात आणि बारीक टोकातून सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर प्रकाश एकेका जागी मिनिटभर देतात. जंतूंना चिकटलेला रंग प्रकाश शोषतो आणि शेजारच्या ऑक्सिजनला इतका जहाल करतो की जंतूंचं आवरणच फाटतं. रंग आणि प्रकाश मिळून सूक्ष्मजीव मारतात हे १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याने पाहिलं होतं, म्हणजे कल्पना जुनीच.

मात्र हा प्रकाश दातावरचं किटण काढत नाही. ते दगडासारखं घट्ट असतं, ते स्केलिंगनेच, म्हणजे उपकरणाने खरवडूनच निघतं. किटण तसंच राहिलं तर जंतू पुन्हा तिथेच घर करतात. म्हणून डॉक्टरांना आधी विचारा: फटींची खोली मोजली का, आणि स्केलिंग कधी? उपचाराच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. नंतर थुंकी निळसर दिसली तर घाबरू नका, तो रंगच असतो.