पणजोबांची काळी खुर्ची किती जुनी?

प्रश्न: गिरगावातल्या आमच्या घरात पणजोबांच्या काळापासून एक काळी नक्षीदार खुर्ची आहे, पाठीवर वेली आणि पानं आरपार कोरलीयेत, वजन एवढं की उचलायला दोघं लागतात. जुन्या फर्निचरचा एक डीलर म्हणाला २०० वर्षांची आहे. खरं असेल का?

उत्तर: ताई, वर्णनावरून तर ही बॉम्बे ब्लॅकवुड वाटतेय, म्हणजे आपलं शिसव, आणि बहुतेक मुंबईतच घडलेली. १९व्या शतकाच्या मध्यावर फोर्टातल्या मेडोज स्ट्रीटला असं फर्निचर मिळायचं, घाट युरोपियन पण जाळीचं ते बारीक कोरीवकाम आपल्या कारागिरांचं, इतकं सुंदर की बघत राहावं! २०० वर्षं मात्र मला जास्त वाटतात, साधारण १८५० ते १८८० धरा.

खात्री करायचीये तर खुर्ची उलटी करा, खरं काय ते खालूनच कळतं. न दिसणाऱ्या भागातही लाकूड जांभळट तपकिरी हवं, आत फिकट लाकूड आणि वरून काळं पॉलिश असेल तर ते शिसव नाही. एखादा जुना स्क्रू हलक्या हातानं काढून बघा, टोकदार स्क्रू १८४०च्या दशकाच्या शेवटी आले, त्याआधीचे बोथट असायचे. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० नंतरचा, पण असा एखादाच दिसला तर घाबरू नका, मधे कधीतरी दुरुस्ती झाली असेल.

आणि प्लीज, पॉलिश पेपरनं घासू नका हो, कोरीवकामाच्या कडा गेल्या की परत येत नाहीत.