वैजनाथच ठेवा, फक्त स्पेलिंग आधी ठरवा

स्टुटगार्टहून एका ताईंचं पत्र आलंय. सातवा महिना लागलाय. मुलगा झाला तर नाव वैजनाथ ठेवायचं, असा परळीच्या सासूबाईंचा शब्द आहे, कारण नवस वैजनाथाला बोललेला. ताई लिहितात, "नाव मला आवडतं, पण इथं ते कुणाला म्हणता येणार नाही. आणि स्पेलिंगवरून घरात तीन मतं आहेत."

ताई, नाव बदलू नका. अंबाजोगाईला शाळेत आमच्या एका वर्गात दोन वैजनाथ होते आणि शेजारच्या वर्गात तिसरा. परळीच्या बाजारात "वैजू" म्हणून हाक मारा, चार माणसं मागं वळून बघतील. तेच नाव पुण्यात जुनाट ठरतं, स्टुटगार्टात दुर्मीळ. सासूबाईंना ते दुर्मीळ म्हणून नकोय, घरचं म्हणून हवंय. मला त्यांची बाजू पटते.

तुमच्या नणंदबाई म्हणतात की मूळ शब्द वैद्यनाथ, वैजनाथ हा अपभ्रंश, तेव्हा कागदावर "शुद्ध" वैद्यनाथ लिहावं. हे मात्र मला अजिबात मान्य नाही. संस्कृत अद्य मराठीत आज झालं, विद्युत् वीज झाली, तसाच वैद्यचा वैज झाला. आज आणि वीज हे शब्द आपण अशुद्ध म्हणून टाकून देतो का? हिमाचलात याच नावाचं बैजनाथ झालं, बंगालीत बैद्यनाथ, तमिळमध्ये वैद्यनाथन. ज्या त्या मुलखानं देवाला आपल्या जिभेनं हाक मारली. परळीची हाक वैजनाथ आहे. कागदावर एक आणि घरात दुसरं असं केलंत, तर लेकराला जन्मभर दोन नावं सांभाळावी लागतील.

आता स्पेलिंग. घरातली तीन मतं मी ओळखू शकते: जे-एन, जे-ए-एन आणि जे-आय-एन. यांतलं एक निवडायच्या आधी सासूबाईंना फोन करा आणि त्यांना ते नाव नुसतं चार वेळा म्हणू द्या. आपल्याकडं कितीतरी घरांत स्वच्छ "वैजिनाथ" म्हणतात. त्यांच्या तोंडी तसं असेल तर जे-आय-एन लिहा, ते चूक नाही. "वैज्-नाथ" म्हणत असतील तर व्ही-ए-आय-जे-एन-ए-टी-एच. जे-ए-एन मला पसंत नाही. तो मधला ए दिसला की परका माणूस त्याच्यावरच जोर देतो आणि "वैजाऽनाथ" होतं.

जर्मन माणूस हे कसं वाचेल? वै ची तुम्हाला काळजी नको. जर्मनमध्ये ए-आय चा उच्चार आय होतो, म्हणजे आपल्या वै च्या बराच जवळ. उलट इंग्रजी मुलखात त्याचं "वेज" होतं आणि शेवटचा नाथ "नॅथ" होतो, तो त्रास तुम्हाला नाही. टी-एच चा ते त करतील, नाथचं नात होईल, तेवढं चालवून घ्या. खरी अडचण दोन अक्षरांची. जर्मन व्ही पुष्कळदा फ होतो आणि जे चा होतो य. म्हणून पहिल्यांदा वाचणारा "फायनात" म्हणाला तर दचकू नका.

यावर उपाय म्हणून तुमच्या यजमानांनी जर्मन धाटणीचं स्पेलिंग सुचवलंय: सुरुवातीला डब्ल्यू आणि ज साठी डी-एस-सी-एच. जर्मन कानाला ते बरोबर आहे. आपला जंगल हा शब्द त्यांनी घेतला तो असाच लिहून घेतला. पण ताई, असं करू नका. उद्या नोकरी ॲमस्टरडॅमला किंवा टोरांटोला गेली की ती अक्षरांची माळ कुणालाच लागणार नाही, आणि परळीतल्या चुलत भावंडांना तर ते आपल्याच घरातलं नाव आहे हेसुद्धा कळणार नाही. त्यापेक्षा पाळणाघरातल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगा, "जीन्समधला जे, विलामधला व्ही." हे दोन्ही शब्द जर्मन लोक ज आणि व नंच म्हणतात. ज त्यांच्या जिभेला येतो, फक्त कुठं वापरायचा ते सांगावं लागतं.

या विषयात मी इतकी हट्टी का, तेही सांगते. आमच्या आजोबांची शाळा निजामाच्या राज्यातली, दाखला उर्दूत. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत. त्यामुळं पुढं ज्यानं त्यानं ते नाव वाचलं ते आपापल्या अंदाजानं. ती अडचण लिपीची होती, समजू शकते. पण माझ्या धाकट्या भावाचं, नागनाथचं, तसं नव्हतं. दहावीचा फॉर्म भरताना शाळेत कुणीतरी जी नंतर एक ए जास्त घातला. पुढं पदवीवर तो ए नाही, पॅनकार्डावर आहे. पासपोर्टाच्या वेळी शपथपत्र, राजपत्रात जाहिरात, तालुक्याच्या खेपा, आणि तोवर हातातली बाहेरची संधी गेली. एका ए पायी. त्या दिवसांतला त्याचा उतरलेला चेहरा मी अजून विसरले नाही.

म्हणून तुमच्याकडचं वेळापत्रक लक्षात ठेवा. जर्मनीत जन्माची नोंद आठवड्याभरात करावी लागते. नाव तेव्हा ठरलेलं नसेल तर ते कळवायला महिन्याची सवड मिळते. म्हणजे बाराव्या दिवशी बारसं करून मग नाव कळवणं सहज जमतं, घाई करू नका. नोंदणी करणारे अधिकारी अनोळखी नावाबद्दल विचारू शकतात की हे खरंच माणसाचं नाव आहे का, मुलाचं की मुलीचं. २००८ साली तिथल्या घटना न्यायालयापुढं असाच खटला गेला होता आणि नाव होतं आपलं किरण. मुलीसाठी ठेवलेलं हे नाव मुलगा की मुलगी ते सांगत नाही, म्हणून अधिकाऱ्यांनी अडवलं होतं. न्यायालयानं आईवडिलांच्या बाजूनं निकाल दिला. वैजनाथबद्दल इतकं काही होणार नाही. तरी त्या नावाच्या एखाद्या नातेवाइकाच्या पासपोर्टाची प्रत जवळ ठेवा.

लेकराला भारतीय पासपोर्ट घ्यायचा असेल तर जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीतही करावी लागते. तिथं अर्ज भरताना जर्मन दाखला शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. वडिलांचं नाव मधे घालायची आपली रीत, पण जर्मन दाखल्यावर ते बाळाचंच दुसरं पहिलं नाव म्हणून धरलं जातं. घालायचं असेल तर दोन्हीकडं घाला, नाहीतर कुठंच नको.

अमेरिकेतल्या काही वाचकांनीही मागं विचारलं होतं की आमच्या मुलाचं नाव बाळांच्या नावांच्या सरकारी यादीत सापडत नाही, ते जगात एकटंच आहे का? तसं नसतं. त्या वर्षी पाचपेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव अमेरिकेची यादी छापतच नाही, इंग्लंडची यादी तीनपेक्षा कमी असेल तर.

ताई, आता एक काम आजच करा. कोऱ्या कागदावर नाव वर देवनागरीत आणि खाली रोमन अक्षरांत लिहा, फोटो काढून परळीला पाठवा. सासूबाईंना रोमन वाचता येत नसेल तर घरातल्या एखाद्या शाळकरी मुलाकडून ते मोठ्यानं वाचून घेऊ द्या आणि त्यांना विचारा, हीच ना हाक? त्या हो म्हणाल्या की तो कागद दवाखान्याच्या बॅगेत ठेवा.