पुन्हा जोर-बैठका सुरू कराव्यात का?

प्रश्न : वय 56. तरुणपणी तालमीत जायचो. गेल्या वर्षापासून बीपीसाठी मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे, तरी घरच्या मशिनवर 150/94 च्या आसपास येतं. रोज सकाळी मित्रांबरोबर रंकाळ्याला फिरतो. पुन्हा जोर-बैठका माराव्यात का? मुलाने दिलेल्या घड्याळात नाडीचे ठोके 105 च्या वर जातच नाहीत, ते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जोर आत्ता नकोत. दम कोंडून शेवटचे दहा काढायची तालमीतली खोड तुम्हालाही असणार. दम कोंडून जोर लावला की त्या क्षणी रक्तदाब उसळतो.

घड्याळाचं मनावर घेऊ नका. तुमची गोळीच ठोके आवरून धरते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं भरभर चाला. आठवड्याला 150 मिनिटं तरी हवीत, बाकड्यावरच्या गप्पा वगळून. (फेरीनंतर मिसळ होत असेल, तर फरसाणातलं मीठही हिशेबात धरा.)

याला जोड द्या भिंतीची. पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखे गुडघे वाकवून तसंच थांबायचं. 2023 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये 270 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात अशा स्थिर व्यायामांनी वरचा आकडा सरासरी 8 ने उतरला, चालणं-सायकलसारख्या व्यायामांनी साडेचारने. ताणलेला स्नायू रक्तवाहिन्या दाबून धरतो. सैल सोडला की रक्त जोरात धावतं आणि त्या रुंदावतात. चाचण्यांत दोन-दोन मिनिटं, चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस असा क्रम असे. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून अर्ध्या मिनिटापासून सुरू करा, गुडघे दुखले तर कमी वाका. मोठ्याने आकडे मोजत राहा, म्हणजे दम कोंडला जात नाही.

ज्या दिवशी बीपी 180/110 च्या वर असेल, त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठा. आणि ही गोळी परस्पर बंद करू नका. ती अचानक सोडणं हृदयाला बाधतं. सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस त्यांना ठरवू दे. घरचं बीपी महिनाभर 135/85 च्या खाली टिकलं, की त्यांच्या संमतीने दहा बैठकांनी सुरुवात करा. जोरांचं त्यानंतर बघू.