जुनी दुखणी आणि डोंगरातील स्नोमोबाइल : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे स्नोमोबाइल, म्हणजे पुढे दोन स्की आणि खाली फिरणारा रुंद पट्टा असलेले बर्फावरचे यंत्र, चालवणाऱ्या पन्नाशी ओलांडलेल्या चालकांची आहेत. दुखणी वेगवेगळी असली, तरी जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच प्रसंग येतो, तो म्हणजे भुसभुशीत बर्फात यंत्र रुतण्याचा. माझ्या मते उतारवयातील चालकाने सगळे नियोजन याच प्रसंगाभोवती करावे. कारण यंत्र सुरळीत चालत असताना शरीराकडून जेवढे काम घेतले जाते, त्याच्या कितीतरी पट काम ते रुतल्यानंतरच्या वीस मिनिटांत घेतले जाते, आणि जुन्या दुखापती बहुधा तेव्हाच उफाळून येतात.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. मी अनेक वर्षे डोंगरात स्नोमोबाइल चालवतो. पूर्वी दिवसातून कितीही वेळा यंत्र रुतले, तरी मी ते एकट्याने बाहेर काढत असे. आता दुसऱ्याच खेपेस दम लागतो, हात थरथरू लागतात आणि उरलेला दिवस वाया जातो. मी व्यायाम वाढवावा का?

व्यायाम अवश्य वाढवावा. मात्र त्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. नव्याने लागू लागलेला दम वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होणे धोक्याचे आहे. फावड्याने बर्फ उपसताना मुख्यतः हातांनी जोर लावावा लागतो, आणि त्यामुळे पायांनी केलेल्या तेवढ्याच कामापेक्षा रक्तदाब व नाडी अधिक वाढतात. त्यातच आपण नकळत श्वास रोखून जोर लावतो आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. हिमवर्षावानंतर घरासमोरचा बर्फ उपसताना हृदयविकाराचे झटके येतात, ते याच कारणांनी. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, अंगाला अकारण घाम, यांपैकी काहीही जाणवल्यास फावडे तिथेच ठेवावे आणि सोबत्यांना लगेच सांगावे.

तपासणीत हृदय ठणठणीत निघाले, तरी काही आकडे लक्षात ठेवावेत. डोंगरासाठी बनवलेल्या यंत्राचे कोरडे वजन साधारण २०० ते २२० किलो असते. इंधन, सामान आणि खाली चिकटलेला बर्फ यांचे वजन त्याहून वेगळे. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दशकाला ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. झटक्यात जोर लावण्याची क्षमता तर स्नायूंच्या आकारमानापेक्षाही लवकर कमी होते, आणि रुतलेले यंत्र हलवण्यासाठी नेमकी तीच लागते. उंचीचा परिणाम यात मिळवावा लागतो. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील वेल पास या प्रसिद्ध खिंडीत चालक गाडीतून उतरतो, तेव्हाच तो सुमारे ३,२५० मीटरवर असतो. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) नसलेले इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के शक्ती गमावते, म्हणजे या उंचीवर जवळजवळ एक तृतीयांश. टर्बो बसवून ही तूट भरून काढता येते; चालकाच्या फुप्फुसांना मात्र उंचीची सवय होण्यासाठी काही दिवस द्यावेच लागतात. म्हणून सखल भागातून आल्यावर पहिल्याच दिवशी अवघड चढ घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता रुतण्याविषयी. यंत्र पुढे सरकेनासे झाले की थ्रॉटल, म्हणजे वेग देणारी हँडलवरची पट्टी, तत्काळ सोडावा. ‘आणखी थोडे दाबून पाहू’ या मोहात यंत्राखालचा फिरणारा पट्टा खाली खड्डा खणत जातो आणि पाच मिनिटांचे काम अर्ध्या तासाचे होते. इंजिन बंद करून, धोक्याच्या उतारावर नसाल तर, आधी चार-पाच मिनिटे नुसते उभे राहावे, पाणी प्यावे आणि श्वास जागेवर येऊ द्यावा. तरुण चालक हे करत नाहीत. आपण केलेच पाहिजे. त्यानंतर यंत्राचे पोट आणि पाय ठेवायच्या फळ्या ज्या बर्फावर टेकलेल्या असतात, तो बर्फ मोकळा करावा, पट्ट्यासमोरचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करावा आणि स्कींची तोंडे उताराकडे वळवावीत. यंत्र उताराच्या बाजूला कलंडवून खड्डा भरून घेतला, तर उचलाउचल बरीच वाचते. सोबत्याने स्कीला ओढायचा पट्टा लावून ओढले आणि आपण थ्रॉटल हलकेच दिला, तर बहुतेक वेळा यंत्र निघते. एकट्याने उचलण्याचा अभिमान आता सोडून द्यावा.

रुतण्याचे प्रसंग कमी करणे हा अधिक चांगला उपाय आहे. चढावर वेग संपत आल्याचे जाणवताच, तो पूर्ण संपण्यापूर्वी, उताराकडे वळावे. यंत्र बदलण्याचा विचार असेल, तर पट्ट्याच्या लांबीकडे पाहावे. १६५ इंची पट्टा १५४ इंची पट्ट्यापेक्षा बर्फावर अधिक तरंगतो आणि कमी रुततो. तो चटकन वळत नाही, हे खरे असले तरी साठीनंतर हा सौदा मला फायद्याचा वाटतो. व्यायामात वजन जमिनीवरून उचलणे, वजन घेऊन चालणे, हातांनी ओढण्याचे प्रकार आणि मध्ये विश्रांती घेत केलेले जोरकस टप्पे यांचा समावेश असावा, आणि तो हंगामाच्या किमान तीन महिने आधी सुरू व्हावा.

प्रश्न : वय ५४. तरुणपणी उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, गादीचा काही भागही काढला. आता त्याच गुडघ्यात संधिवात आहे. अर्धवट वाकून उभे राहिले आणि उतार आडवा कापताना यंत्र डोंगराकडे कलते ठेवले की तीव्र वेदना होतात. गुडघ्याला आधाराचा पट्टा बांधू, गोळी घेऊ, की हा छंद सोडू?

छंद सोडण्याची वेळ आलेली नाही, परंतु उभे राहण्याची पद्धत बदलावी लागेल. पाय घसरू नये म्हणून फळीला दाते असतात आणि ते बुटाला घट्ट धरून ठेवतात. धड वळते, पाऊल वळत नाही, आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. त्यामुळे धड वळवण्याआधी पाऊल उचलून त्या दिशेला ठेवण्याची सवय लावून घ्यावी. हँडलबार काही सेंटिमीटर उंच करून घेतला, तर अधिक ताठ उभे राहता येते आणि गुडघ्याचा कोन सुसह्य होतो.

उतार आडवा कापताना आपण डोंगराच्या बाजूच्या फळीवर उभे असतो, हे ध्यानात घेतल्यास एक चांगली सोय करता येते. डोंगर डावीकडे असेल, तर नेहमीच्या पद्धतीने डावा पाय डाव्या फळीवर ठेवावा. डोंगर उजवीकडे असेल, तर डावा पाय पलीकडे नेऊन उजव्या फळीवर पुढे ठेवावा आणि उजवा मोकळा सोडावा. ही उलट्या पायाची पद्धत अनुभवी चालकांना परिचित आहे. अशा रीतीने दोन्ही बाजूंना भार आपल्या चांगल्या, म्हणजे डाव्या पायावरच राहतो. तो पाय लवकर थकेल, म्हणून असे लांबलचक पल्ले तोडून घ्यावेत. डोंगरापर्यंत नेणारी वाट खाचखळग्यांची असते आणि पुष्कळांचे गुडघे तिथेच खर्ची पडतात. ती वाट सावकाश आणि शक्य तिथे बसून पार करावी, आणि सस्पेन्शन आपल्या वजनाला जुळवून घ्यावे.

आधाराचा पट्टा गुडघा बाजूला किंवा मागे झुकण्यापासून काहीसा रोखतो. संधिवात तो बरा करत नाही. सांध्याच्या एकाच बाजूची झीज असेल, तर त्या बाजूचा भार कमी करणारा वेगळ्या प्रकारचा पट्टा मिळतो, त्याविषयी अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे. निघण्यापूर्वीच वेदनाशामक गोळी घेणे मला मान्य नाही. तिच्यामुळे थांबण्याचा इशारा दबतो, आणि शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर पडतो. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि सूज दोन दिवसांत उतरली नाही, तर आदला दिवस जास्त झाला असे समजून पुढचा बेत लहान करावा. पुढेमागे सांधा बदलण्याची वेळ आलीच, तर परत यंत्रावर बसण्याचा निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावा, कारण पडल्यावर कृत्रिम सांध्याभोवतीचे हाड मोडले तर उपचार फार कठीण होतात.

प्रश्न : मी ५८ वर्षांची स्त्री आहे. दोन वर्षांपूर्वी एका उंचवट्यावरून यंत्र सपाट बर्फावर आदळले आणि कमरेचा पहिला मणका दबला. हाड जुळले आहे, डॉक्टरांची परवानगीही आहे; पण भीती जात नाही.

आपली भीती अवाजवी नाही. छातीचा पाठकणा फासळ्यांमुळे ताठ असतो, कंबर लवचिक असते, आणि जिथे हे दोन भाग मिळतात तिथेच असा धक्का एकवटतो. आपला मणका त्याच जागेचा आहे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा वेग वाढतो, आणि तेव्हाचा आघात मोठा होता म्हणून हाड मोडले, की हाडच कमकुवत होते म्हणून, याचे उत्तर या तपासणीशिवाय मिळत नाही. औषधाची गरज निघाली, तर यंत्राला हात लावण्यापूर्वी ते सुरू करावे.

बसलेल्या अवस्थेत आदळल्यास सगळा धक्का आसनातून थेट मणक्यात जातो. गुडघे किंचित वाकवून उभे असल्यास पाय त्यातला बराच भाग शोषून घेतात. म्हणून अनोळखी उंचवट्यावर बसून जाऊ नये, आणि पलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर जाऊच नये. यंत्राची मागची दांडी धरून, पाठ गोल करून, वळत झटका देणे ही आपल्यासाठी सर्वांत वाईट हालचाल आहे. ते काम सोबत्यांवर सोपवून आपण पुढून स्कीला लावलेला ओढायचा पट्टा पायांच्या जोरावर, पाठ सरळ ठेवून ओढावा. पहिले काही दिवस माहितीच्या, सौम्य चढांवर काढावेत. तिथे शरीर पुन्हा सैल झाले की भीती आपोआप प्रमाणात येते, असा माझा अनेक चालकांबाबतचा अनुभव आहे.

प्रश्न : अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे आणि खांद्याचा स्नायू अर्धवट फाटलेला आहे. थ्रॉटल दाबताना आणि दोरी ओढून इंजिन सुरू करताना त्रास होतो.

दोन्ही त्रासांवर यंत्रातच उपाय आहेत. काही यंत्रांवर थ्रॉटलची पट्टी फिरवून ती अंगठ्याऐवजी बोटांनी ओढता येते, आणि ज्यांवर ही सोय नाही, त्यांना लांब पट्टी बसवल्यास लागणारा जोर कमी होतो. पट्टी बदलल्यावर थ्रॉटल सोडताच ती झटकन मूळ जागी येते की नाही, हे इंजिन बंद असतानाच तपासावे. खांद्यासाठी विजेवर सुरू होणारे यंत्र घ्यावे. स्की-डू या ब्रँडच्या यंत्रांवरील ‘शॉट’ पद्धतीत दिवसाची सुरुवात दोरीनेच करावी लागते, परंतु त्यानंतर बटण दाबून इंजिन सुरू होते. तेवढी पहिली दोरी सोबत्याने ओढावी. मूठ फार आवळून धरू नये. कंपनामुळे बोटे पांढरी पडून बधिर होत असतील, तर तो वेगळा विकार असू शकतो आणि तो डॉक्टरांना दाखवावा.

प्रश्न : वय ६६. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. सोबती माझ्याहून तीस वर्षांनी लहान आहेत. त्यांना हे सांगितले तर ते मला नेणार नाहीत, अशी शंका वाटते. सांगणे आवश्यक आहे का?

होय, आवश्यक आहे, आणि तेही निघण्यापूर्वी. वयोमानाने मेंदू किंचित आक्रसतो, त्याच्यावरील बारीक रक्तवाहिन्या ताणलेल्या राहतात आणि साध्या वाटणाऱ्या आघातानेही त्या फुटू शकतात. रक्त पातळ असल्यास रक्तस्राव लवकर थांबत नाही. लक्षणे काही तासांनी, क्वचित काही आठवड्यांनीही दिसतात. आपले डोके हेल्मेटसह आपटले आणि आपण ‘मी बरा आहे’ म्हणालात, तर गोळीची माहिती नसलेले सोबती त्यावर विश्वास ठेवतील. माहिती असलेले आपल्याला थेट रुग्णालयात नेतील. औषधाचे नाव लिहिलेला कागद जॅकेटच्या खिशात असावा.

दुसरे कारण हिमस्खलनाचे आहे. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, त्यामुळे बाहेरून मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो आणि जीव सोबत्यांच्याच हाती राहतो. म्हणजे त्यांचा जीव आपल्याही फावड्यावर अवलंबून आहे. ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारे, प्रत्येकाने अंगावर बाळगायचे रेडिओ उपकरण), शोधकाठी आणि फावडे घेऊन हंगामाच्या सुरुवातीला सर्वांनी एकत्र सराव करावा आणि आपण किती मिनिटे जोरात उपसू शकतो, ते सर्वांना दिसू द्यावे. त्यानुसार कामे वाटता येतात: जो उपसू शकत नाही तो ट्रान्सीव्हरने शोध घेण्यात तरबेज असावा. त्या कामाला ताकदीपेक्षा सराव आणि शांत डोके लागते, आणि आपल्या वयाचा माणूस त्यात गटातील सर्वोत्तम ठरू शकतो.

उतारांची निवडही यानुसार करावी. बहुतेक मोठी हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि तिथे रुतलेल्या यंत्रापाशी जो जास्त वेळ घालवतो, तो जास्त वेळ धोक्यात राहतो. त्या दिवशीचे हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज देणारे पत्रक पाहावे, उतारावर एका वेळी एकच यंत्र असावे, आणि वर कोणी रुतले तरी दुसरे यंत्र मदतीला वर जाऊ नये, हे नियम आधी ठरवून घ्यावेत. हे ऐकूनही जे सोबती आपल्याला नेण्यास तयार होतील, त्यांच्यासोबतच जावे.

प्रश्न : ढगाळ दिवशी बर्फावरचे चढउतार दिसेनासे होतात. पूर्वी असे होत नसे. वय ६३, चष्मा प्रोग्रेसिव्ह.

वयानुसार फिक्या छटांमधला फरक ओळखण्याची डोळ्यांची क्षमता कमी होते आणि मोतीबिंदूच्या सुरुवातीला ती आणखी घटते, म्हणून आधी नेत्रतपासणी करावी. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. त्यातून स्कीसमोरचा बर्फ अस्पष्ट दिसतो. यंत्रावर केवळ दूरचा नंबर असलेला वेगळा चष्मा किंवा गॉगलमध्ये बसणारी नंबरची काच वापरावी. ढगाळ प्रकाशात पिवळसर किंवा गुलाबी भिंग मदत करते. तरीही दिसेनासे झाले, तर उघड्या पठारावरून उतरून विरळ झाडांच्या कडेने जावे, कारण खोडांमुळे डोळ्यांना आधार मिळतो; मात्र झाडाच्या बुंध्याभोवती मऊ बर्फाचे खोल खड्डे असतात, त्यांपासून अंतर राखावे.