गोमांस गवतावरचं की मक्यावरचं?

प्रश्न : वेष्टनावर 'फक्त गवतावर वाढवलेलं जनावर' असं छापतात, देशाचं नावही देतात. प्रयोगशाळेत हे पडताळता येतं का? नमुना कसा द्यावा?

उत्तर : येतं. मात्र अशा तपासणीत दावा खोटा पाडता येतो, तितक्या ठामपणे खरा ठरवता येत नाही, हे आधी लक्षात घ्या.

चाऱ्याचा माग कार्बन-१३ आणि कार्बन-१२ या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या जड आणि हलक्या अणूंच्या) गुणोत्तरावरून लागतो. थंड प्रदेशातलं गवत, गहू, बार्ली यांचं मूल्य दर हजारी उणे २७ च्या आसपास असतं, म्हणजे ठरावीक मानक पदार्थाच्या तुलनेत हे गुणोत्तर हजारी २७ ने कमी. मका, ज्वारी, ऊस यांचं उणे १२ च्या. थोड्याफार फरकाने तेच स्नायूत उतरतं. पण उष्ण प्रदेशातली बरीच गवतं मक्याच्याच गटातली आहेत. ब्राझीलमधल्या ब्रॅकियारिया कुरणावर चरलेल्या बैलाचं मांस या आकड्यावर मक्यावर पोसल्यासारखंच दिसतं, आणि बार्लीचा खुराक गवतात खपून जातो. म्हणून एकट्या कार्बनवर निकाल देऊ नये. चरबीतल्या ओमेगा-६ मेदाम्लांचं ओमेगा-३ मेदाम्लांशी असलेलं गुणोत्तरही मागा. धान्यावर पोसलेल्या जनावरात ते वाढतं.

सगळ्यात जास्त चुका चरबीमुळे होतात. चरबीत कार्बन-१३ प्रथिनांपेक्षा कमी असतो. ती नीट निघाली नाही, तर आकडा उणेकडे सरकतो आणि मक्यावरचं मांस गवतावरचं भासू लागतं. त्यासाठी लाल मांस गोठवून निर्वातात वाळवतात, बारीक दळतात, पेट्रोलियम ईथरने चरबी काढतात, पुन्हा वाळवतात. त्यातली जेमतेम १ मिलिग्रॅम पूड कथलाच्या कुपीत घालून सुमारे १,००० अंश सेल्सिअसला जाळतात.

प्रदेशासाठी ऑक्सिजन आणि हायड्रोजन पाहतात. समुद्रापासून दूर आणि उंचावर पावसाच्या पाण्यात जड समस्थानिकं कमी होत जातात. जनावर ते पाणी पितं. मांसातलं पाणी तपासायचं असेल तर तुकडा लगेच हवाबंद करून गोठवा. उघडा राहिला की हलके रेणू आधी उडतात आणि आकडा फसवतो. जोडीला स्ट्रॉन्शियम या धातूची समस्थानिकं मोजली, तर खडक-मातीचा पुरावा मिळतो. तरीही त्या भागातल्या खात्रीच्या नमुन्यांचा संग्रह प्रयोगशाळेकडे आहे का, हे विचाराच. तुलनेला काही नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

कत्तलीआधी थोडेच आठवडे मका दिला असेल, तर स्नायूत तो फारसा उमटत नाही, कारण स्नायूतला कार्बन बदलायला महिने लागतात. जनावर समोर असेल तर शेपटीचे केस मुळासकट घ्या. ते महिन्याला साधारण २ सेंटिमीटर वाढतात. मुळाकडची बाजू खूण करून पाठवा. तुकड्यातुकड्याने मोजलं की चारा केव्हा बदलला ते दिसतं.