२४०झेडच्या बॉनेटला व्हेंट पाडायचे, पण नेमके कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : टेक्ससमध्ये तुमच्याकडे १९७३ ची डॅटसन २४०झेड आहे. उन्हाळ्यात पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबलात की ती पुन्हा सुरू व्हायला त्रास देते. म्हणून बॉनेटला व्हेंट, म्हणजे गरम हवा बाहेर सोडणारी भोकं, पाडावेत का, आणि पाडायचे तर कुठे?

मी ॲरिझोनात राहतो आणि १९७२ ची २४०झेड गेली नऊ वर्षं स्वतः सांभाळतो आहे. माझं उत्तर : पाडा, उपयोग होतो. फक्त गाडीचं मूळ बॉनेट कापू नका आणि जागा नुसती डोळ्यांनी ठरवू नका.

आधी तुमच्या त्रासाचं मूळ बघू. २४०झेडच्या एल२४ इंजिनात कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला गरम वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या) एकाच बाजूला आहेत, कार्ब्युरेटर वर आणि मॅनिफोल्ड खाली. गाडी चालू असते तोवर हवा फिरत राहते. बंद केली की मॅनिफोल्डची सगळी धग सरळ वर जाते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळायला लागतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते आणखी लवकर वाफ धरतं. त्यात १९७३ च्या अमेरिकन गाड्यांना चपट्या डोक्याचे कार्ब्युरेटर आले. ते याच दुखण्यासाठी बदनाम आहेत. तुमच्या गाडीवर अजून तेच असतील, तर १९७० ते ७२ मधले गोल डोक्याचे बसवणं हा पहिला उपाय. कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का तेही बघा, जुन्या गाड्यांत तो बऱ्याचदा काढून फेकलेला असतो. पेट्रोलची नळी इंजिनाच्या पुढून थर्मोस्टॅटजवळून (इंजिनाच्या गरम पाण्याच्या झडपेजवळून) जाते, तिला उष्णतारोधक वेष्टन घाला. ही कामं एका शनिवारी होतात आणि पत्र्याला हात लावावा लागत नाही.

एवढं करूनही त्रास उरला तर व्हेंट.

व्हेंट दोन वेगळी कामं करतो. गाडी उभी असताना गरम हवा आपोआप वर निघून जाते. त्यासाठी भोक मॅनिफोल्डच्या जवळपास वर असलं की पुरे. डॅटसन बनवणाऱ्या निसानने स्वतः १९७७ आणि ७८ च्या २८०झेडच्या बॉनेटला मधल्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना जाळीदार व्हेंट दिले होते. ते बॉनेट जुन्या गाडीवर बसवणारे बरेच जण आहेत. मिळालं तर सगळ्यात सरळ मार्ग तोच, फक्त पैसे मोजण्याआधी बिजागऱ्यांशी जुळवून बघा.

गाडी धावत असतानाचं काम मात्र दाबावर चालतं, आणि मी चुकलो ते इथेच. बॉनेटचा पुढचा भाग जिथे वळून सपाट होतो, त्याच्या जरा मागे हवेचा दाब कमी असतो. काचेच्या पायथ्याशी हवा अडते, म्हणून तिथे दाब जास्त. मला काचेजवळची जागा दिसायला आवडली आणि एका गॅरेजने काही न विचारता तिथेच दोन खाचा कापून दिल्या. हायवेवर गरम हवा बाहेर पडायच्या ऐवजी बाहेरचीच आत घुसायला लागली. गाडी सिग्नलला थांबली की खाचांतून निघालेला पेट्रोलचा वास काचेखालच्या जाळीतून थेट केबिनमध्ये यायचा, कारण केबिनची ताजी हवा त्याच जाळीतून येते. एक्झॉस्ट गळत असता तर वासाऐवजी कार्बन मोनॉक्साइड आत आला असता, आणि त्याला वास नसतो. शेजारी मुलगी बसलेली होती. त्या दिवसानंतर मी ते बॉनेट कधीच लावलं नाही. बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलतात, तीही याच कारणासाठी नको.

दुसरं बॉनेट भंगारातून आणलं आणि कापण्याआधी मोजलं. यू आकाराच्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरा. तिचं एक टोक इंजिनाच्या कप्प्यात ठेवा. दुसरं टोक एका पातळ चकतीखाली असं बसवा की तोंड चकतीच्या मधल्या भोकातून वर उघडेल, वाऱ्याकडे नाही. चकती बॉनेटवर चिकटपट्टीने लावा. पाणी बघायला शेजारी कुणीतरी बसवा, गाडी चालवताना स्वतः बघू नका. ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाब पाण्याच्या सुमारे ४७ मिलिमीटरइतका असतो. तुम्हाला त्यातला थोडाच भाग दिसेल, पण तेवढा वाचता येतो. चकतीकडच्या बाजूला पाणी वर चढलं, तर त्या जागेतून हवा बाहेर जाईल. खाली गेलं, तर आत येईल. मी चकती सात-आठ ठिकाणी हलवून बघितली. सगळ्यात चांगला आकडा रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शात आला. मागे सरकत गेलो तसा तो घटत गेला आणि काचेजवळ उलटा झाला.

कापताना खालच्या पट्ट्यांना हात लावू नका, बॉनेटचा ताठपणा त्यांच्यावरच आहे. कोपऱ्यांवर आधी गोल भोकं पाडा, म्हणजे पुढे तडे जात नाहीत. मग बारीक दात्यांचं ब्लेड लावून जिगसॉने कापा. ग्राइंडर नको, त्याच्या उष्णतेने पत्रा लाटांसारखा वाकतो आणि ठिणग्यांनी काचेवर कायमचे डाग पडतात. उघड्या कडांना त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लावा. व्हेंट ॲल्युमिनियमचे असतील तर पत्रा आणि व्हेंट यांच्यामध्ये सीलंट हवंच, दोन धातू ओले होऊन एकमेकांना लागले की गंज धरतात. व्हेंटच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची उभी पट्टी लावली, तर तिच्यामागे दाब आणखी कमी होतो. ती नंतर लावता येते, आधी तिच्याशिवाय चालवून बघा.

पावसाचं म्हणाल तर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, उजवीकडे पुढे आहे. त्यावर थेंब पडू नये म्हणून मी उजव्या व्हेंटखाली एक पन्हळ बसवली आहे, ती पाणी बाजूला नेऊन सोडते. तुमच्याकडे आमच्यापेक्षा पाऊस जास्त, म्हणून ही पन्हळ व्हेंटबरोबरच करून घ्या.

मोजमाप झालं की चकतीच्या जागा आणि आकडे मला कळवा. पत्रा कापण्याआधी आपण दोघं मिळून ते एकदा बघू.